वाटाड्याची वही

सराफाच्या पेढीवर रोजकीर्द असते, वैद्याच्या दवाखान्यात रोग्यांची नोंदवही असते, शाळेत हजेरीपट असतो. ज्याच्या स्वाधीन दुसऱ्याचे द्रव्य, प्रकृती किंवा मूल केले जाते, त्याने आपल्या कामाचा लेखी हिशेब ठेवावा, ही अपेक्षा समाजात रूढ आहे. डोंगरवाटेने लोकांस नेणारा वाटाड्या मात्र ह्या नियमातून पुष्कळदा सुटलेला दिसतो. वास्तविक त्याच्या हाती तर लोक आपला जीवच देतात. पण त्याच्या कामाचा हिशेब असतो तो त्याच्या स्मरणात किंवा फार तर गावकऱ्यांच्या बोलण्यात. हा हिशेब कागदावर का यावा, तो कोणाच्या हातचा असावा आणि त्यात काय लिहिलेले असावे, ह्या तीन प्रश्नांचा विचार श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

वाटाडेपणाला रीतसर धंद्याचे रूप आले ते युरोपातील आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत. १८२० साली माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर बर्फाचा लोंढा कोसळून तीन वाटाडे प्राणास मुकले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८२१ साली, शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला आणि पाळीपाळीने काम वाटून घेण्याचे नियम केले. स्वित्झर्लंडातील वाटाड्यांत पुढे एक वही बाळगण्याची पद्धत पडली. प्रवाशाने सफर संपल्यावर त्या वहीत तारीख, वाट, चढलेले शिखर आणि वाटाड्याविषयीचा आपला अभिप्राय स्वहस्ते लिहावयाचा, आणि पुढच्या प्रवाशाने ती वाचून मगच वाटाड्यास कामावर घ्यावयाचे, असा हा शिरस्ता होता.

ह्या वह्यांपैकी ग्रिंडेलवाल्ड गावचे ख्रिस्तिआन आल्मर ह्यांची वही विशेष प्रसिद्ध आहे. १८५७ साली म्योंक आणि १८५८ साली आयगर ह्या शिखरांवर प्रथम पोहोचलेल्या मंडळींत आल्मर होते. त्यांच्या वहीतील नोंदी १८५६ ते १८९४ ह्या काळातील असून, त्या जशाच्या तशा हस्ताक्षरांत छापून १८९६ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. एका डोंगरी माणसाची चाळीस वर्षांची मजुरी ग्रंथालयात जाऊन बसावी, हा त्या वहीचा गौरव खराच.

तथापि ह्या पद्धतीत एक उणीव होती. वही वाटाड्याची, पण लेखणी प्रवाशाची. सुखरूप परतलेला प्रवासी संतोषाने चार बऱ्या ओळी लिहितो. असंतुष्ट प्रवासी रागाने लिहितो. शिखर मिळाले की वाटाडा उत्तम, न मिळाले की मध्यम, असा न्याय होण्याचा संभव फार. कोणत्या ठिकाणी बर्फ ठिसूळ लागले, कोणाचा पाय घसरला, कोणत्या वेळी मागे फिरावयास हवे होते, हे अशा प्रशस्तिपत्रांतून क्वचितच कळते.

लेखणी दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे काय होते, ह्याचे कठोर उदाहरण मॅटरहॉर्न शिखराचे आहे. १४ जुलै १८६५ रोजी सात जण त्या शिखरावर प्रथम पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे कड्यावरून कोसळून मरण पावले. वाचलेल्यांत एडवर्ड व्हिंपर हे इंग्रज गृहस्थ आणि थोरले पीटर टाउगवाल्डर व त्यांचा मुलगा हे दोघे वाटाडे होते. तुटलेला दोर त्यांच्याजवळच्या दोरांत सर्वांत कमकुवत होता. टाउगवाल्डर ह्यांनी तो मुद्दाम कापला, अशी कंडी पिकली. सरकारी चौकशीत ते निर्दोष ठरले. परंतु त्या चौकशीतील जबान्या पुढे कित्येक वर्षे प्रसिद्ध झाल्या नाहीत. व्हिंपर ह्यांचा ग्रंथ १८७१ साली निघाला आणि तो जगभर वाचला गेला. टाउगवाल्डर ह्यांच्यापाशी लोकांपुढे ठेवण्यास स्वतःचा लेख नव्हता. त्यांच्या नावावरचा संशय त्यांच्या हयातीत पुरता धुतला गेला नाही.

हिमालयातही हीच गोष्ट निराळ्या रूपाने घडली. मोहिमांवर जाणाऱ्या शेर्पा मंडळींजवळ पूर्वीच्या साहेबांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या असत, आणि नव्या मोहिमेची निवड बऱ्याच अंशी त्यांवर चाले. १९२८ साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबाने दार्जिलिंग येथे ह्या लोकांच्या कामगिरीची नोंद ठेवण्याचा उपक्रम चालविला. १९३५ साली एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी माणसे निवडली जात होती, तेव्हा तेन्सिंग नोर्गे ह्या तरुणापाशी असा एकही दाखला नव्हता. एरिक शिप्टन ह्यांनी चेहऱ्यावरील हसू पाहून त्यांना घेतले, म्हणून गोष्ट निभावली. परंतु प्रत्येक होतकरूस असा पारखी भेटेलच असे नाही. शिवाय, ज्यांना वाचता येत नसे, त्यांना आपल्याच चिठ्ठीत आपली स्तुती आहे की निंदा, हेही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. तेन्सिंग ह्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्यावर माथ्यावर प्रथम पाऊल कोणाचे, ह्यावरून मोठा वाद माजला. अखेर १९५५ साली आपले आत्मचरित्र दुसऱ्याकडून लिहवून घेऊन त्यांनी सांगितले की, हिलरी पुढे होते व आपण मागून गेलो. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही ज्याने स्वतःहून नोंदविली, त्याच्या बाकीच्या शब्दांनाही वजन आले.

आता काळ पालटला आहे. ब्रिटनमध्ये डोंगरात मंडळी नेण्याची पात्रता मिळवू इच्छिणाऱ्यास आपली दिनवही स्वतः लिहावी लागते. शिक्षणास बसण्यापूर्वी डोंगरातील किमान २० आणि परीक्षेपूर्वी किमान ४० चांगल्या प्रतीच्या दिवसांची नोंद तीत असावी लागते. चांगल्या प्रतीचा दिवस म्हणजे नुसती रपेट नव्हे. भूमी अपरिचित असावी, वाट स्वतः शोधलेली असावी, चाल अनेक तासांची असावी आणि हवेचे निरनिराळे रंग पाहिलेले असावेत. पात्रता मिळाल्यावरही ही वही बंद करावयाची नसते. कारण दहा वर्षांपूर्वीचे कौशल्य आजही ताजे आहे, ह्याचा पुरावा दुसरा कोणता?

नोंद कशी असावी, हे आपल्याकडील उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या वाटाड्याने वहीत ‘मंडळी घेऊन कळसूबाईस गेलो’ एवढेच लिहिले, तर ती आठवण झाली, नोंद झाली नाही. बारी गावातून किती वाजता निघालो. मंडळी किती, त्यांत मुले व वयस्क किती. पाऊस व धुके कसे होते. लोखंडी शिड्यांपाशी किती वेळ खोळंबा झाला. कोणास धाप लागली. माथ्यावर केव्हा पोहोचलो आणि अंधार पडण्यापूर्वी खाली आलो की नाही. स्वतः पुढे होतो की दुसऱ्याच्या हाताखाली. आणि पुन्हा नेताना काय निराळे करावे, हे त्यात आले पाहिजे. ह्यास दहा ओळी पुरतात. त्या त्याच संध्याकाळी लिहाव्या. दोन दिवसांनी स्मरण वकिली करू लागते.

ह्यापेक्षाही महत्त्वाची नोंद ती मागे फिरल्याची. ओढ्यास पाणी चढले म्हणून अर्ध्या वाटेवरून मंडळी परत आणली, ह्याची बख्शिशी कोणी देत नाही; उलट मंडळी कुरकुरतात. परंतु अशा नोंदींची चार पाने ज्या वहीत आहेत, तो वाटाड्या शिखरांची लांबलचक यादी दाखविणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा समजावा. थोडक्यात टळलेला अपघात लिहून ठेवला, तर तो दुसऱ्या दहा जणांना शहाणे करतो. लपविला, तर त्याच जागी पुन्हा दबा धरून बसतो.

ह्या बाबतीत शहरातील गृहस्थांकडेही काही कर्तव्य येते. सुटीत मुलामुलींना सह्याद्रीत पाठविताना जेवणाची सोय, गाडीची वेळ आणि खर्चाचा आकडा बारकाईने विचारला जातो. त्याबरोबरच, नेणाऱ्याची वही पाहावयास मागावी. मागणारे निघाले की ठेवणारेही निघतील. सफरीहून आल्यावर त्या वहीत आपला अभिप्राय लिहिण्याची वेळ आली, तर ‘फार मजा आली’ एवढ्यावर न थांबता काय घडले ते खरे लिहावे. गावचा वाटाड्या शाळा फारशी शिकलेला नसेल, तर त्याने तोंडाने सांगावे व घरच्या शिकलेल्या मुलाने उतरून घ्यावे. मात्र लिहिलेले त्यास वाचून दाखवावे. म्हणजे वही त्याची, आणि शब्दही त्याचेच राहतील.