जाम बोल्ट आणि चाकाची धाव

(जिल्हा मेळाव्यात झालेले भाषण)



मी मालवणचा मिस्त्री. मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने खोलण्यात माझी हयात गेली. कापूस-ज्वारीतले तुम्ही मला शिकवाल. मला कळते ते गंजलेल्या बोल्टाचे. आमच्याकडे खारा वारा बोल्ट खातो. तुमच्याकडे पेरणीयंत्रात राहिलेले खत तेच करते. पोटॅश खतात क्लोराइड असते, मिठातही तेच असते. म्हणजे दुखणे एकच.

वापसा आला आणि फणाचा बोल्ट जाम. मग पान्याला पाइप लावायचा, दोघांनी लोंबकळायचे. बोल्ट तुटतो. तुटका तुकडा काढायला तालुक्याला जायचे, तोवर वापसा उडतो. चार पैशांच्या बोल्टापायी पेरणी लांबते.

याचे औषध आपल्या गावातच होते. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव कशी चढवी? आधी विस्तवात लाल तापवी. ५ फुटी चाकाच्या धावेचा घेर अशाने इंचाहून जास्त वाढतो. धाव चाकावर बसली की पाणी ओतायचे, ती आवळते. नटाचेही तसेच. २० मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले की केसाच्या जाडीइतके मोठे होते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आट्यांत ठासून बसतो. त्याची पकड सुटायला तेवढे पुरते.

आता रीत ऐका. तारेच्या ब्रशने आटे साफ करा. डिझेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी ते पुसून कोरडे करा, मगच ब्लो लॅम्प लावा. नट तापवा, बोल्ट नव्हे. बोल्ट फुगला तर पकड वाढेल. नट चोहोबाजूंनी तापवा. घासलेल्या लोखंडावर निळी झाक आली की थांबा. ज्योत बाजूला करा, आट्यांना मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढले जाते. मग पाना लावून थोडे आवळा, थोडे सोडा. सुटला नाही तर थंड होऊ द्या आणि पुन्हा तापवा. बळ शेवटी.

काही ठिकाणी ज्योत न्यायचीच नाही. टायर चढवलेली रिम तापवू नका, टायर फुटून माणूस दगावतो. डिझेलची टाकी, बॅटरी, ऑइल सील यांपासून लांब राहा. जस्ताचा मुलामा तापला तर त्याचा धूर बाधतो. अॅल्युमिनियम रंग न बदलता वितळते. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेला बोल्ट लाल झाला तर त्याची ताकद गेली, नवा घाला.

आणि कडब्याच्या गंजीजवळ, कापसाच्या ढिगाजवळ हे काम कधीच नको. कापूस आतून धुमसतो, वरून दिसत नाही. बादलीभर पाणी जवळ ठेवा. काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. बोल्ट वाचवताना वर्षाचे पीक जाळायचे नाही.

२०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारेही आहेत. हक्क मागूच. पण पाना आपल्याच हातात हवा.

पेरणी संपली की खताची पेटी धुवा, आट्यांना ग्रीस लावा. आणि पुढच्या वर्षी मृगाची वाट न पाहता रोहिणीतच प्रत्येक बोल्ट एकदा सैल करून पाहा.