सव्वा महिन्यानंतरची पहिली रिक्षा

बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा आमच्या आईचा नियम. मी पडले इंजिनिअर, त्यामुळे रोज वाद. पंधराव्या दिवशी तर सोसायटीच्या गेटपर्यंत तरी जाऊ दे म्हणून रडले होते.

मग सहा आठवड्यांचा डोस आला. पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटाव्हायरस वगैरे. सव्वा महिना नुकताच संपलेला. आईने बाळाला तीट लावली, दुपट्यात गुंडाळलं. मी लंगोट, टोपडं, लसीकरणाचं कार्ड पिशवीत भरलं, चपला घातल्या... आणि पाय उचलेना! लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर? रिक्षा खड्ड्यात आदळली तर? रात्री दोन वाजता प्रॉडक्शनला कोड टाकलाय हो मी, हात नाही थरथरले. नवरा म्हणाला, "चल गं, नंबर जाईल आपला."

सुई टोचल्यावर बाळ रडलं, पाजल्यावर गप्प झालं. डॉक्टरांनी त्याचं वजन लिहिलं आणि विचारलं, "आणि तुम्ही? झोप लागते का?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. त्या म्हणाल्या, "असं रडू येणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं अजून चालू आहे, तर हे अंगावर काढायचं नाही." समुपदेशकाची वेळ तिथूनच घेतली.

येताना रिक्षा थांबवून वडापाव खाल्ला. बाळंतिणीने! आईला सांगू नका, ती पॉडकास्ट ऐकत नाही.