परवाना, कसूर आणि शासन



१९५८ सालच्या उन्हाळ्यात केरळात शंभरांहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. ज्या जहाजातून गव्हाचे पीठ आले, त्याच जहाजातून पॅराथिऑन नावाचे जालीम कीटकनाशकही आले होते. ते गळले, अन्नात उतरले, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कीटकनाशकाचा डबा पाहिला नसेल अशा कुटुंबांच्या ताटांत जाऊन पोहोचले. या अनर्थाच्या चौकशीसाठी सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा एकसदस्य आयोग नेमला. त्या चौकशीपासून निघालेला धागा पुढे १९६८ च्या कीटकनाशक कायद्यापर्यंत आणि १९७१ च्या नियमावलीपर्यंत जातो. आपल्याकडील हा कायदा शेतीच्या सोयीसाठी नव्हे, तर निरपराध माणसांच्या मृत्यूतून जन्मास आला, हे ध्यानी ठेवूनच त्याच्या अंमलबजावणीचा विचार केला पाहिजे.

मूळ कायद्याचा रोख कारखानदार आणि विक्रेते यांच्यावर होता. घरे, गुदामे, उपाहारगृहे आणि रुग्णालये यांत मोबदला घेऊन ढेकूण, वाळवी, झुरळे, उंदीर यांचा बंदोबस्त करणाऱ्या व्यावसायिकांना, म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘पेस्ट कंट्रोलवाले’ म्हणतो त्यांना, १९७७ च्या दुरुस्तीने परवान्याच्या कक्षेत आणले. ही दुरुस्ती मला फार महत्त्वाची वाटते. शेतकरी आपल्या शेतात फवारतो तेव्हा तो निदान आपल्या मालकीच्या जागी आणि आपल्या निर्णयाने फवारतो. परंतु पेस्ट कंट्रोलवाला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, तान्ह्या मुलाच्या पाळण्याखाली, आजाऱ्याच्या खाटेभोवती विष घेऊन शिरतो, आणि त्या विषाची जात कोणती, मात्रा किती, त्यानंतर घर किती वेळ बंद ठेवावे, यांतले काहीही पारखून पाहण्याची ऐपत घरमालकाजवळ नसते. तो विश्वास ठेवतो तो समोरच्या माणसावर नव्हे, सरकारी परवान्यावर. म्हणून परवाना देणारे सरकार त्या व्यवहारात एका अर्थी जामीन राहिलेले असते, आणि जामीनदाराने आपल्या माणसाच्या वर्तनाकडे पाठ फिरवणे ही केवळ ढिलाई नसून विश्वासघात आहे.

नियमावलीने या परवानाधारकाकडून काय अपेक्षिले आहे ते पाहा. तो कृषिविषयाचा किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाचा पदवीधर असावा, आणि मैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील नेमून दिलेल्या संस्थांपैकी एकीत त्याने किमान पंधरा दिवसांचे शिक्षण घेतलेले असावे. कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी; त्यांना संरक्षक पोशाख, श्वसनाची साधने आणि प्रथमोपचाराचे साहित्य मिळावे; उताऱ्याची औषधे हाताशी असावीत; विषबाधेची लक्षणे कोणती आणि खबरदारी कोणती हे त्यांना शिकवलेले असावे; रिकामे डबे आणि उरलेले विष पाण्यात वा हवेत दोष न उतरेल अशा रीतीने नष्ट करावे. यात मागावयाचे फारसे काही उरलेले नाही. कागदावरचा हा बंदोबस्त कोणत्याही सुधारलेल्या देशाच्या पंक्तीस बसेल असा आहे.

आता आपल्या दारावरची घंटा वाजते तेव्हा कोण उभा असतो? पदवी ज्याच्या नावावर आहे तो कचेरीत, किंवा कचेरीतही नाही. दारात उभा असतो खांद्यावर पंप अडकवलेला एक तरुण, बहुधा तोंडाला रुमाल बांधलेला, हातमोजे नसलेला, आणि आपण पाण्यात काय मिसळले आहे याचे नावदेखील न जाणणारा. डब्यावरील चौकोनात लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यांत सर्वांत सौम्य, ही साधी खूण त्यास कोणी समजावलेली नसते. पदवीधराच्या नावाचा परवाना आणि अशिक्षित हाताचे काम, ही या धंद्यातील मूळची कसूर होय, आणि पुढचे बहुतेक अनर्थ तिच्याच पोटी जन्म घेतात. या तरुणास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई आपण करू नये. मालकाने त्यास पोशाख दिला नाही, तर त्याच्याइतका त्या नियमभंगाचा बळी दुसरा कोणीच नाही. कारण आपल्या घरी विष वर्षातून एकदा येते, त्याच्या फुप्फुसांत ते रोज जाते.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचे उदाहरण घेतो, कारण शहरांतून घडणाऱ्या दुर्घटनांच्या बातम्यांत हे नाव वारंवार येते. या गोळ्या धान्याच्या कोठारांसाठी आहेत. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने विघटित होऊन सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते, आणि त्या वायूवर निश्चित असा उतारा वैद्यकास अद्याप सापडलेला नाही. या गोळ्यांची विक्री आणि वापर निर्बंधित आहे; त्यांनी धुरी द्यावयाची तर केंद्र सरकारच्या वनस्पतिसंरक्षण सल्लागाराची वेगळी संमती लागते; दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्या तर २००१ साली सर्वस्वी बंद करण्यात आल्या. असे असता, ढेकणांचा नायनाट ‘एका रात्रीत’ करून देतो असे सांगत त्या गोळ्या गादीखाली ठेवणारा माणूस निघतो. फॉस्फीन भिंतीच्या भेगांतून, जिन्यांतून, नळांच्या पोकळ्यांतून शेजारी जातो. ज्याने पेस्ट कंट्रोल करविले तो गावी गेलेला असतो आणि पलीकडच्या घरातील मूल सकाळी उठत नाही. असा प्रकार घडल्यावर पोलीस येतात, पंचनामा होतो, निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला जातो, आणि परवाना हा शब्द प्रथमच कोणाच्या तोंडी येतो.

कायद्याच्या १४ व्या कलमाने परवाना अधिकाऱ्यास सत्ता दिली आहे ती अशी: परवाना खोट्या माहितीवर मिळवलेला असेल किंवा त्याच्या अटींचा भंग झाला असेल, तर धारकास कारण दाखविण्याची संधी देऊन अधिकाऱ्याने तो तहकूब करावा अथवा रद्द करावा. या हुकुमावर तीस दिवसांत अपील करता येते. ‘कारणे दाखवा’ची ही तरतूद मला पूर्णपणे मान्य आहे, ज्याच्या पोटावर हुकूम जाणार त्याची कैफियत ऐकल्यावाचून निर्णय करणे हा अन्यायच होय. परंतु माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली अशी की, या कलमात बाजू मांडण्याचा हक्क केवळ परवानाधारकास आहे. भिंतीपलीकडे जिचे मूल गेले त्या आईला तेथे जागाच नाही. दुसरी अशी की, अधिकाऱ्याच्या हाती दिलेली दोन्ही शस्त्रे त्यास फार जड वाटतात. पेढी बंद पडली तर तिच्या वीस-पंचवीस कामगारांच्या चुली विझतील, हे अधिकारी जाणतो, आणि म्हणून हातमोज्यांच्या अभावासारख्या कसुरीसाठी तो हात उचलीतच नाही. तोंडी समज देऊन तो परततो. पुढच्या वर्षी तीच समज पुन्हा देतो. दफ्तरात तिची नोंद राहत नाही, आणि कसुरीची सवय होते.

याउलट, अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात १९३५ पासून केवळ इमारतींतील कीडनियंत्रणाचा धंदा पाहणारे एक स्वतंत्र मंडळ आहे. तेथे धुरी, सर्वसाधारण कीड आणि लाकूड खाणारी कीड या तीन शाखांचे परवाने वेगळे. त्यामुळे झुरळांवर फवारणाऱ्याला घर वायूने भरण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. गंभीर कसुरीचे प्रकरण लेखी आरोपपत्राने सुरू होते आणि प्रशासकीय न्यायाधीशासमोर त्याची सुनावणी होते. परवाना रद्द करण्याचा हुकूम काढून तो स्थगित ठेवावयाचा, आणि धारकास काही वर्षे देखरेखीखाली काम करू द्यावयाचे, अशी मधली वाट तेथे रूढ आहे. लहान कसुरीस दंड किंवा काही दिवसांची कामबंदी असते. आणि मला सर्वाधिक मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे, हे निर्णय जाहीर होतात, आणि घरमालकास काम देण्यापूर्वी एखाद्या पेढीचा पूर्वेतिहास पाहता येतो. तेथे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. परंतु शिक्षेच्या पायऱ्या असल्या की अधिकारी पहिली पायरी चढण्यास कचरत नाही, हे त्या पद्धतीवरून दिसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. परवाना नसलेले शेकडो लोक हाच धंदा उघड करीत असताना परवानाधारकालाच कशाला छळावे, असे या धंद्यातील सचोटीची माणसे विचारतात. त्यांच्या रागात तथ्य आहे. विनापरवाना धंदा हा गुन्हा आहे आणि त्यास फौजदारीचाच मार्ग योग्य आहे. परंतु परवानाधारक बेशिस्त असेल तर त्याच्यात आणि बिनपरवान्याच्या माणसात गिऱ्हाइकास भेद दिसणार कशाने? पैसे खर्चून पोशाख, शिक्षण आणि वैद्यकीय तपासणी पुरविणारी पेढी आज स्वस्त दराच्या स्पर्धेत हरते, ती तिच्याच पंक्तीतील कसूरदारांना कोणी हटकीत नाही म्हणून. कडक शासनाची मागणी सर्वांआधी तिनेच केली पाहिजे.

अशा पायऱ्यांसाठी संसदेने कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. कीटकनाशक निरीक्षकास जागेत शिरण्याचा, नोंदवह्या मागण्याचा आणि नमुने घेण्याचा अधिकार आजही आहे. २६ व्या कलमान्वये, विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन राज्य सरकारला अधिसूचनेने घालता येते. थोड्या मुदतीची तहकुबी देण्यास १४ व्या कलमात कोठेही मज्जाव नाही. पोशाख पुरवीपर्यंत आठ दिवस परवाना तहकूब, असा हुकूम धारकाची कैफियत ऐकून आजही निघू शकतो. असे हुकूम जिल्हावार यादी करून कृषिखात्याने प्रसिद्ध करावेत, एवढी मागणी या सभेतर्फे खात्याकडे जावी असे मला वाटते. आणि गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीसांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी इमारतीत फवारणी ठरेल तेव्हा दरपत्रकाबरोबर परवान्याची प्रत, वापरावयाच्या औषधाचे नाव आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा दाखला मागून घ्यावा, आणि कामाची तारीख व वेळ वरच्या, खालच्या व शेजारच्या बिऱ्हाडांना आदल्या दिवशी लेखी कळवावी.