हिरवं वाढलं म्हणजे चांगलं झालं का?

आजचा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, तर एक विनंती. लोकलमध्ये असाल आणि कळवा सुटलं असेल, तर दोन मिनिटं मोबाइलमधून मान वर काढा. ठाण्याच्या आधी खाडीवरचा पूल येतो. खाली गढूळ पाणी दिसेल, काठाला तिवरं दिसतील. पण पाण्याच्या आत काय उगवतंय? आजचा विषय तोच आहे.

आधी माझी फजिती सांगतो. मी डोंबिवलीचा, सॉफ्टवेअर इंजिनीअर. वनस्पतिशास्त्राशी संबंध बारावीपर्यंतच. एका रविवारी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं उतरवून घेतली. ती फुकट मिळतात. जोडीतला पहिला उपग्रह २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली, आणि तेव्हापासून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून चित्र घेतलं जातंय. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. मी कल्याणजवळ मोहने भागातल्या उल्हास नदीवर एक चौकोन आखला, स्क्रिप्ट लिहिली आणि हिरवेपणाचा आलेख काढला. आलेख वर चाललेला! लगेच मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, 'आपली नदी हिरवी होतेय.'

तिकडेच राहणाऱ्या एका मित्राने उत्तरादाखल फक्त एक फोटो पाठवला. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. पाणी दिसतच नव्हतं.

म्हणजे आकडा बरोबर होता, अर्थ उलटा होता. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन जलपर्णी फोफावते. तिच्या गालिच्याखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि आत वाढणाऱ्या वनस्पती मरतात. वर जितकं हिरवं, तितकं खाली ओसाड.

आता तुम्ही म्हणाल, मग उपग्रहाने आतलंच बघावं ना! इथे गंमत आहे. हिरवेपणा मोजायचं नेहमीचं सूत्र, एनडीव्हीआय, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतं. पानं हा प्रकाश जोरात परत फेकतात. पण पाणी तोच प्रकाश गिळून टाकतं. त्यामुळे तरंगणारी जलपर्णी झगझगीत दिसते आणि बुडालेलं गवत जवळपास गायब. निळा-हिरवा प्रकाश पाण्यात काही मीटर शिरतो, पण पाणी नितळ असेल तर. आपल्या खाडीत गाळच इतका, की तो मार्गही बंद.

आणखी एक भानगड. हा उपग्रह नेहमी सकाळी अकराच्या सुमारास येतो. भरती-ओहोटी मात्र रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. एका चित्रात भरती, दुसऱ्यात ओहोटी. काठची तिवरं 'घटली' असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त पाणी चढलेलं असतं. पावसाळ्यात तर ढगांशिवाय काही मिळतच नाही. म्हणून तुलना करायची तर तोच ऋतू, भरतीची तीच पातळी आणि तीच पद्धत हवी. कोडची टेस्ट चालवताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना, तसंच.

हे नीट केलं तर काय हाती लागतं? ओडिशाचं चिलिका सरोवर बघा. समुद्राकडे जाणारं तोंड गाळाने भरत गेलं, खारेपणा उतरला आणि गोड्या पाण्याचं तण माजलं. सप्टेंबर २००० मध्ये नवीन तोंड खोदलं. खारं पाणी आत आलं, तण मागे हटलं आणि समुद्री गवताची कुरणं पसरली. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात आणि त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. आता विचार करा, माझ्या स्क्रिप्टसारखं नुसतं 'एकूण हिरवं' मोजलं असतं तर? एक हिरवं कमी, दुसरं जास्त. बेरीज करून काहीच कळलं नसतं.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या उथळ किनारी उपसागरांतलं असंच गवत १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या वादळाने संपलं. पुढे कित्येक दशकं तळ उघडा. मग माणसांनी दोन दशकांत सात कोटींहून जास्त बिया पेरल्या आणि आज सुमारे ३,६०० हेक्टरवर कुरण उभं आहे. हा आकडा छातीठोकपणे सांगता येतो, कारण तिथे वर्षानुवर्षं विमानातून फोटो घेतले गेले आणि माणसं पाण्यात उतरून मोजत राहिली.

पाण्यात उतरून मोजायचं तंत्र अगदी साधं आहे. १९९८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'सीग्रास-वॉच'ची पद्धत सांगतो. पन्नास मीटरच्या तीन दोऱ्या, त्यांवर ठरावीक अंतराने पन्नास सेंटीमीटरची चौकट, एकूण ३३ वेळा. चौकटीत किती टक्के गवत, कुठल्या जातीचं, ते लिहायचं. पुढच्या वेळी पुन्हा तिथेच जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण कंटाळा न करणाऱ्यांकडेच वीस वर्षांचा आलेख असतो.

आपल्याकडे कोकण-गोव्याच्या काही खाड्यांत हॅलोफिला बेकारी नावाचं बोटभर गवत तिवरांजवळच्या चिखलात सापडतं. जगाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसरचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगोचे फोटो आपण सगळेच काढतो. ते चिखलात चोच घालून काय खातात, तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

माझे बाबा लहानपणी खाडीत पोहायचे. त्यांना विचारलं, पाण्याखाली काय होतं? म्हणाले, "चिखल होता, अजून काय असणार?" खरंच चिखल होता की त्यात काही उगवत होतं, हे आता कोणीही सांगू शकत नाही. उद्या कोणी मला विचारलं, तर माझ्याकडेही तेच उत्तर असेल. मला हे बोचतं.

म्हणून मी एक काम सुरू केलंय, तुम्हीही करा. दुर्गाडी असो, रेतीबंदर असो, गांधारीचा पूल असो, एक जागा ठरवा. महिन्यातून एकदा, ओहोटीला, त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक फोटो काढा. तारीख, वेळ आणि भरतीची वेळ लिहून ठेवा. चिखलात उतरू नका, काठावरूनच काढा. यातून पाण्याखालचं दिसणार नाही, मान्य. पण जलपर्णी कधी आली, कधी वाहून गेली, काठ कुठे सरकला, एवढं तरी कळेल. शिवाय पुढे कोणी चौकट घेऊन उतरलं, तर त्यांना कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.

माझे सात फोटो झालेत. सातही कंटाळवाणे आहेत. आठवा येत्या अमावास्येला, ओहोटी चांगली असते तेव्हा. भेटू पुढच्या भागात!