मोटारीची हौस आणि निगा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'मोटारीची निगा' असे उत्तर दिले आणि ते क्षणभर काही बोललेच नाहीत. त्यांचा दोष नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून या दिवसांत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची सवय श्रोत्यांना लागली आहे. त्या पंक्तीत ग्रीस आणि ब्रेकचे लायनर घेऊन बसणारा मनुष्य जरा विचित्रच दिसावयाचा. परंतु मी आत येताना मंडपाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. जी वस्तू आपण जवळजवळ प्रत्येकाने घेतली आहे, जिच्यात आपण बायकामुले बसवतो, तिच्याबद्दल तासभर बोलले तर व्यासपीठ विटाळणार नाही, असे मला वाटले.

आपला जिल्हा कापसाचा. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे अरुंद रुळांची गाडी निघाली ती या कापसासाठीच. तीच आपली 'शकुंतला'. तरी शेतातून गावात आणि गावातून बाजारात कापूस नेला तो बैलगाडीनेच. मला या ठिकाणी बैलांविषयी थोडे बोलावयाचे आहे, कारण निगा हा शब्द आपण त्यांच्यापासून शिकलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या त्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवतात, झुली घालतात, तोरणाखाली मिरवतात. हा क्रम ध्यानात घ्या. आधी खांदा, मग शिंगे. पुढे दारात बैलाच्या जागी ट्रक आला, आणि आपण दसऱ्याला त्याला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले. शिंगे रंगवण्याचा भाग आपण इमानाने चालू ठेवला. खांदेमळणी मात्र पुष्कळांच्या हातून सुटली.

हे मी दुसऱ्यांवर टीका करण्यासाठी बोलत नाही. आमच्या घरी एक ट्रक होता. वडिलांनी तो जुनाच विकत घेतला होता. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत, ट्रकांनाही भरपूर काम असे. मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि मला त्या गाडीचे भयंकर वेड होते. एका वर्षी दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस मी तिच्यावर घालवले. पेंटरला बसवून मागच्या फळीवर कमळे काढून घेतली, पितळी भोंगा चिंचेने घासला, केबिनला झालर लावली. आमचा ड्रायव्हर आठवडाभर वडिलांना सांगत होता, "मालक, ब्रेक पाह्यजे तसा धरत नाही जी." लायनर बदलायचे तर गाडी दोन दिवस उभी राहणार, आणि हंगाम तर तोंडावर आलेला. दिवाळीनंतर पाहू, असे ठरले. ठरवणाऱ्यांत मीही होतो.

दसऱ्यानंतर चवथ्या दिवशी पुसदच्या बाजूला एका उतारावर गाडी आवरेना. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गियर काढून गाडी सोडण्याची तेव्हा सर्रास चाल होती. आजही ती गेलेली नाही. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून गाडी डाव्या बाजूच्या मुरमाच्या चढावर घातली, म्हणून जीव वाचले. क्लीनरचा पाय मात्र फळीखाली सापडला. तो मुलगा माझ्याच वयाचा होता. तो पुढे कायम लंगडत चालला. त्या दिवशी आमची गाडी बहुधा साऱ्या जिल्ह्यात देखणी असेल. वडील मला रागे भरले नाहीत. एवढेच म्हणाले, "चमकते म्हणून थांबते काय रे, लेका?" आणि लायनरचे पैसे वाचवणारे आपणच, हे आठवून पुढे गप्प बसले.

त्यानंतर मी ब्रेक म्हणजे काय ते शिकलो. ट्रकच्या चाकात एक पोलादी ढोलके असते आणि आतून त्यावर लायनर दाबले जाते. गाडीचा वेग घर्षणाने मोडतो आणि त्याची उष्णता होते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ढोलके तापते, तापले की फुगून लायनरपासून दूर सरकते, आणि लायनरची पकडही सुटते. म्हणजे ब्रेक जितका वापरावा तितका तो निकामी होत जातो, आणि नेमका अखेरच्या वळणावर हात टेकतो. म्हणून ज्या गियरमध्ये चढ चढाल त्याच गियरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. गियरमध्ये असलेले इंजिन स्वतःच गाडी मागे ओढते. ब्रेकला विसावा मिळतो. शिवाय आजच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेल आपोआप बंद होते. गियर काढला तर इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. तेव्हा ज्या काटकसरीसाठी माणसे मरतात, ती काटकसरही खोटी आहे.

आणखी एक गोष्ट ट्रकवाल्यांसाठी. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात तर फार. पाणी साचले की हवेला जागा कमी पडते आणि झडपा गंजतात. टाकीखाली एक लहानशी तोटी असते. ती रोज उघडून पाणी सोडून द्यावयाचे. या कामाला अर्धे मिनिट लागते. आरशाला गोंडा बांधायला त्याहून अधिक वेळ लागतो.

आता उन्हाळ्याचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे मी या मंडपात घाम पुसत सांगण्याची गरज नाही. या दिवसांत पुष्कळ सज्जन एक घातक चूक करतात. दुपारी दूरवर गाडी चालवून पेट्रोलपंपावर थांबतात, टायरमधील हवा वाढलेली दिसते, आणि 'टायर फुटू नये' म्हणून ती कमी करून घेतात. वस्तुतः तापल्यावर दाब वाढणे हे टायर बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. हवा कमी केली की टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक चेपतो, चेपल्याने अधिक तापतो, आणि मग खरोखरच फुटतो. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, थंड टायरवर पाहावी. धामणगावच्या अंगाने समृद्धी महामार्गावर चढणाऱ्यांनी तर हे विसरू नये. २०२५ च्या जूनमध्ये पुरा झालेला तो ७०१ किलोमीटरचा रस्ता टायरला तासन्‌तास उसंत देत नाही. टायरवर तो कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला, याचा चार आकडी शिक्का असतो. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर आतून कडक झालेले असते. माणसाप्रमाणेच त्याचे वय चेहऱ्यावर दिसतेच असे नाही.

आता शिंगे रंगवण्याकडे वळतो. मी त्याचा शत्रू नाही. मी स्वतः दर रविवारी एक तास गाडी धुण्यात घालवतो आणि घरची मंडळी त्याला हसतात. परंतु धुण्यातही शास्त्र आहे. आपल्याकडची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात काचेइतके कठीण कण असतात. कोरडे फडके घेऊन गाडी पुसणे म्हणजे बारीक कानसेने रंग घासणे होय. आजच्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून एक मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा भरतात, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर तर निम्म्याहून कमी. पॉलिश म्हणून जे मारतात ते त्याच थराला खरवडून चकाकी आणते. दर सणाला पॉलिश करणारा मनुष्य गाडी उजळत नाही, तिची कातडी काढतो. त्यापेक्षा मेण लावावे. या कामाचे उत्तम मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळते. ते काही खरवडत नाही, नुसते पांघरूण घालते.

वणीकडच्या मंडळींना एक निराळा त्रास आहे. कोळशाची, राजूरच्या चुन्याची आणि मुकुटबनकडच्या सिमेंटची धूळ. चुना आणि सिमेंट ओले झाले की रंगाला चावतात आणि खाली चासीवर घट्ट बसतात. तेथे गाडी पुसून भागत नाही. पाणी सोडून, विशेषतः खालून, धुवावीच लागते.

पण पाणी म्हटले की मला थांबावे लागते. २०१८ चा उन्हाळा आठवा. निळोणा आणि चापडोह आटले होते आणि या शहरात माणसे रात्री टँकरची वाट पाहत बसली होती. त्या दिवसांत नळी लावून मोटार धुणारा मनुष्य मी पाहिला आहे, आणि मला त्याच्या हौसेची लाज वाटली. दोन बादल्यांत मोटार धुता येते. एक साबणाची, एक फडके पिळण्याची. सावलीत, वरून खाली, आणि चाकांचे फडके वेगळे. कपड्यांची पावडर वापरू नका, ती मेण उडवते. विंधणविहिरीचे पाणी अंगावर वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात. जुन्या सुती धोतराने टिपून घ्या. टंचाईच्या साली तेही नको. काच, दिवे आणि पाटी तेवढी पुसावी आणि बाकीची धूळ अंगावर बाळगावी. मळकी गाडी धावते.

मघाशी मी क्लीनरविषयी बोललो. मोटारीचा मालक बहुधा स्वतःच ती चालवतो, म्हणून ब्रेकची भीती त्याला असते. ट्रकचे तसे नाही. जो रंगाचे पैसे देतो तो घरी असतो, आणि ज्याला ब्रेक लागतो तो पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे निघालेला असतो. सरकारी पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, पुढे दरसाल. मधल्या दिवसांचा पहारा ड्रायव्हरच्या कानावर आहे, आणि त्याचे ऐकून घेणाऱ्या मालकावर. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलनाची सक्ती झाली. काही मालकांनी कुरकुर केली. आपल्या मे महिन्यात इंजिनाशेजारी आठ तास बसून पाहावे, एवढेच मी त्यांना सांगेन. २०१५ साली राज्य सरकारने ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास मनाई केली. त्यावर मात्र चार दिवस कौतुकाने चर्चा झाली.

शेवटी जुन्या गाड्यांबद्दल. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले, आपल्या किती लग्नांत वराला घेऊन आली! मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढवून मिळते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे चांगले झाले. अडचण आहे ती पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या गाड्यांची. त्यांत धूर ओकणारे खटारेही आहेत आणि लेकरासारख्या सांभाळलेल्या गाड्याही. धूर खोटा नाही. ज्या गाडीमागे मुलांना खोकला येतो ती मोडीत गेलेलीच बरी, आणि हे म्हणताना हौशी माणसाने जीभ चावू नये. परंतु वयावरून निकाल देऊ नये, तपासणीवरून द्यावा, असे माझे मत आहे. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याने फुगतात, चिरतात; ज्यांच्या घरी कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी त्या आधीच बदलून घ्याव्यात. गळकी पेट्रोलची नळी आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

आमचा ट्रक पुढे मोडीत गेला. ज्या मिस्त्रीने त्या अपघातानंतर त्याचे ब्रेक बसवले, त्याच्याकडे मी तीन सुट्ट्या फुकट राबलो. लाकडी दांडा इंजिनाला आणि कानाला लावून कोणता बेअरिंग बोलतो ते तो सांगे. त्याची मुले या धंद्यात आली नाहीत. मी मास्तर झालो, पण कान थोडासा राहिला आहे.

मी आज माझ्या जुन्या जीपने आलो आहे. ती मंडपाच्या डाव्या हाताला निंबाखाली उभी आहे. सभा संपल्यावर बोनट उघडून ठेवीन. तरुण मंडळींनी खुशाल यावे, हात काळे करावेत, विचारावे. फक्त रेडिएटरच्या झाकणाला कोणी हात लावू नका. ते अजून तापलेले आहे.