सतरंजीवरचा डाग आणि कापलेली अनामत

आमच्या बचत गटाच्या बारा सतरंज्या आहेत. बारसं, साखरपुडा, गणपतीतलं भजन, सगळीकडे त्या भाड्याने जातात. गेल्या वैशाखात हळदीच्या घरून एक सतरंजी परत आली, तर तिच्यावर हा मोठा लाल डाग. आम्ही त्या मैत्रिणीच्या अनामतीतून ३०० रुपये कापून घेतले. ती म्हणत होती, "ताई, हळदच सांडली होती. साबण लावला तर लाल झाली." आम्हाला वाटलं, सबब सांगतेय.

पण ती खरं बोलत होती. हळदीत चुना मिसळला की लाल कुंकू होतं ना? साबणाच्या खारानेही तेच होतं. आम्ही डाग साध्या पाण्याने भरपूर धुतला, लिंबू पिळलं, तो पुन्हा पिवळा झाला. मग चार दिवस कडक ऊन दिलं. हळदीचा रंग उन्हात उडतो. पाचव्या दिवशी डाग शोधावा लागला. गटाच्या बैठकीत आम्ही तिचे पैसे परत केले आणि चुकलो असंही सांगितलं.

म्हणून बायांनो, डाग पडला की चोळू नका. सुती फडक्याने कडेकडून मध्ये टिपून घ्या. चहा, रक्त, मासळीचं पाणी यांना गार पाणीच वापरा, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. तेलकट रस्सा सांडला तर वर कोरडं पीठ टाका, तासाभराने झटका, मग साबण. चिखल आधी वाळू द्या, मग ब्रशने झाडा. लिंबू असो की साबण, आधी कोपऱ्यावर लावून रंग जातो का ते बघा.

आपल्याकडची हवा दमट. सतरंजी पुरती वाळल्याशिवाय घडी घालू नका, बुरशी धरते.

आणि एक गोष्ट जिवाची. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. डाग राहिला तर राहू दे.

आता आमच्या वहीत नियम लिहिलाय: डाग पडला तर लगेच कळवायचं, आठ दिवस सगळ्यांनी मिळून प्रयत्न करायचा, दंडाचं त्यानंतर बघायचं. तुमच्याही गटात हे बोलून बघा.