‘हॅव’ : एका लहान क्रियापदाचा कारभार

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला पहिल्या कांहीं धड्यांतच ‘हॅव’ हें क्रियापद भेटतें. ‘आय हॅव अ बुक’ म्हणजे ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’, असें मास्तर सांगतात, मूल तें पाठ करतें आणि एक सोपें क्रियापद हातीं आलें असें सर्वांसच वाटतें. वस्तुतः पुढच्या घोटाळ्याचें बीज त्या एका वाक्यांतच पडलेलें असतें. कारण ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणें’ नव्हे, आणि त्याच्या तोडीचें एकच एक क्रियापद मराठींत मुळीं नाहींच.

इंग्रज मनुष्य या एका क्रियापदानें घर, भाऊ, ताप आणि धैर्य या सर्वांवर मालकी सांगतो. ‘ही हॅज अ हाउस’, ‘ही हॅज टू ब्रदर्स’, ‘ही हॅज अ फीव्हर’, ‘ही हॅज करेज’. कुत्र्याविषयीं बोलावयाचें तर ‘द डॉग हॅज अ टेल’. प्रत्येक वाक्यांत माणूस, नाहीं तर कुत्रा, कर्त्याच्या आसनावर बसलेला आणि बाकीचें सारें त्याच्या मुठींत. ही मूठ म्हणजे केवळ अलंकार नव्हे. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध ‘पकडणें’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूशीं जोडतात. लॅटिनमधील ‘कापेरे’ हा त्याचा भाऊबंद. ‘हॅव’च्याच अर्थाचा लॅटिन ‘हाबेरे’ हा कानाला अगदीं सख्खा वाटतो, परंतु त्याचें कूळ निराळें आहे. नुसत्या आवाजावरून शब्दांच्या सोयरिकी जुळविणाऱ्यांनीं हें उदाहरण जपून ठेवावें.

मराठी मनुष्य असें कांहीं मुठींत धरीत नाहीं. त्याच्या भाषेंत वस्तु ‘असते’, आणि ती कोणत्या नात्यानें असते तें विभक्ति किंवा शब्दयोगी अव्यय सांगतें. त्याला दोन भाऊ असतात. ‘त्याच्याजवळ दोन भाऊ आहेत’ म्हटलें तर ते त्या घटकेला शेजारीं उभे आहेत असें वाटेल. ‘त्याच्याजवळ पैसे आहेत’ म्हणजे खिशांत वा कनवटीला आहेत. ‘त्याच्याकडे पैसा आहे’ म्हणजे असामी श्रीमंत आहे, मग आज ट्रामचें भाडें देण्यापुरती चिल्लर त्याच्याजवळ नसली तरी चालेल. घर त्याचें असतें, धैर्य त्याच्या अंगीं असतें, ताप त्याला येतो आणि उतरतो. खोलीला दोन खिडक्या असतात, खोलीकडे नसतात. शाळेचें तोंडहि न पाहिलेली आजी हे भेद कधीं चुकत नाहीं; भाषांतराच्या नादीं लागलेला पदवीधर मात्र ‘माझ्याजवळ तीन मुली आहेत’ असें बेधडक लिहून जातो. या बाबतींत मराठी एकटी आहे असेंहि नव्हे. कानडींत ‘मला भाऊ आहेत’ अशीच रचना होते, रशियन मनुष्य ‘माझ्यापाशीं घर आहे’ अशा थाटानें बोलतो, आणि लॅटिनमध्येंहि ‘हाबेरे’च्या जोडीला चतुर्थीची रचना होतीच.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्याकडील एका प्रसिद्ध चुकीचा उलगडा होतो. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ या वाक्याला इंग्रज हंसतो, आणि त्याच्याहून अधिक आपलेच शिकलेले लोक हंसतात. परंतु ‘मला दोन भाऊ आहेत’ यांतील ‘आहेत’ला इंग्रजींत कोठें तरी जागा हवी, असें बोलणाऱ्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे, तो बिचारा ती ‘ॲम’मध्यें शोधतो. येथें हंसण्यापेक्षां नियम सांगणें बरें. ‘हॅव’नें नुसती स्थिति सांगावयाची असेल तेव्हां ‘हॅविंग’ हें चालू काळाचें रूप चालत नाहीं. कांहीं क्रिया घडत असेल तर चालतें. ‘शी इज हॅविंग टी’ हें शुद्ध आहे, कारण तेथें चहा पिण्याची क्रिया चालली आहे. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला तान्हें मूल आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ती बाळंत होत आहे किंवा व्हावयाची आहे. एका रूपाच्या फरकानें सबंध बाळंतपण इकडचें तिकडे होतें.

‘आय हॅव रिटन अ लेटर’ यांतील ‘हॅव’ला आज अर्थ असा उरलेला नाहीं, तें नुसतें साह्यकारी क्रियापद आहे. मूळचा भाव मात्र ‘लिहिलेलें पत्र माझ्यापाशीं आहे’ असा होता. जाण्या-येण्याच्या क्रियापदांना जुनी इंग्रजी हा ‘हॅव’ सहसा लावीत नसे. ‘ही इज गॉन’ हें त्याचें आजवर टिकलेलें अवशिष्ट रूप, आणि तें ‘तो गेला आहे’ याच्याशीं शब्दशः जुळतें.

खरी कसोटी शब्दांच्या क्रमाची. ‘ही हॅड कट हिज हेअर’ म्हणजे त्यानें आपले केस स्वतः कापले होते. ‘ही हॅड हिज हेअर कट’ म्हणजे न्हाव्याकडून कापवून घेतले. मराठींत दोन्ही प्रसंगीं ‘केस कापले’ म्हणून भागतें, त्यामुळें विद्यार्थी हा भेद सहज विसरतो. पण गोष्ट केसांवरच थांबत नाहीं. ‘ही हॅड हिज हाउस बर्न्ट डाउन’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : त्याचें घर जळालें, अथवा त्यानें तें जाळविलें. इंग्रजी ऐकणारा मागचा-पुढचा संदर्भ पाहून ठरवितो. मराठीला क्रियापद उच्चारण्यापूर्वींच निवड करावी लागते. विम्याच्या दाव्यांत असें वाक्य आलें आणि दुभाष्याच्या तोंडून ‘जाळविलें’ निघालें, तर ज्याचें घर गेलें तोच आरोपी ठरावयाचा. अशा वेळीं दुभाष्यानें थांबून पुन्हां विचारावें. त्यांत त्याच्या विद्वत्तेला कमीपणा नाहीं.

राहिली सक्ति. ‘आय हॅव टु गो’ म्हणजे ‘मला जावें लागतें’. जाणें अंगावर येऊन पडलें तरी इंग्रज कर्ताच. मराठींत तो मुकाट्यानें चतुर्थींत जातो. छापील पानावर न दिसणारा एक भेद येथें कानाला कळतो. ‘आय हॅव टू टिकेट्स’, दोन तिकिटें आहेत, यांत ‘व’ स्पष्ट राहतो, कारण ‘दोन’ हा शब्द आघात घेऊन स्वतंत्र उभा आहे. ‘आय हॅव टु गो’ यांत मात्र दोन्ही शब्द एकजीव झालेले असतात. पुढच्या अघोष ‘ट’च्या संगतीनें ‘व’हि अघोष होतो आणि उच्चार ‘हॅफ्टु’ असा ऐकूं येतो. तसेंच ‘हॅज टु’चें ‘हॅस्टु’. काल जावें लागलें असें सांगावयाचें झालें तर ‘मस्ट’ला भूतकाळ नसल्यामुळें तेथेंहि याच क्रियापदाला बोलवावें लागतें : ‘आय हॅड टु गो’, आणि त्यांतला ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्यें विरून कानावर पडतें तें ‘हॅट्टु’.